दोन फळ्यांचा श्रीमंत

२८ फेब्रुवारी १९९७, शुक्रवार. संध्याकाळ

आज रेडिओ फोडला.

कारण घरगुती नाही, राष्ट्रीय आहे. पाच वाजता बजेट लागलं. दिल्लीनं श्रीमंतांचा इन्कमटॅक्स कमी केला. वाढवायचा सोडून कमी केला! गिरणीच्या कट्ट्यावर बसून ऐकत होतो, तेवढ्यात समोरून नानासो नव्या सुमोतून गेला आणि माझ्याकडे बघून हसला. द्राक्षाची बाग, बेदाण्याचं शेड, दोन ट्रॅक्टर, वर ही सुमो. आणि टॅक्स कमी! डोक्यात रक्त चढलं. रेडिओ उचलून भिंतीवर हाणला. तो भिंतीवरून परत आला आणि माझ्या कपाळावर बसला. उजव्या बाजूला टेंगूळ. लिंबाएवढं.

राही म्हणाली, आवं, त्यो माझ्या भावानं दिलेला रेडू हुता. बायकोमाणसाला देशाची काळजी नसते.

कदमगुरुजी म्हणाले, शेतीच्या उत्पन्नाला इन्कमटॅक्स मुळातच नाही, त्यामुळे नानासोला वाढला काय नि घटला काय, सारखंच. दुसरा रेडिओ असता तर तोही फोडला असता.

१ मार्च

ठरलं. दिल्लीला जमत नसेल तर हे काम मी करतो.

आमच्या गावात जत्रेची पट्टी चुलीमागे घेतात. घरात एक चूल, तर एक पट्टी. दगडाबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, तिची चूल एक. नानासो तासगावच्या मार्केटात ट्रकनं बेदाणा पाठवतो, त्याचीही चूल एक. दोघांची पट्टी सारखी. हा न्याय आहे का? माझा ठराव: श्रीमंताला पाचपट. देणार नाही त्याच्या दाराची एक फळी उखडून देवळात आणायची. फळीची आयडिया खास माझी. नानासोचं दार सागवानी आहे. ते उखडताना कसं करकरेल, ते मला आत्तापासून ऐकू येतं.

नानासोशी माझं पर्सनल काही नाही. अडुसष्टच्या जत्रेत कुस्तीत त्यानं मला चीत केलं, असं लोक म्हणतात. माती ओली होती.

५ मार्च. सकाळ

चळवळ म्हटली की मारामारी आली. मारामारी आली की ताकद पाहिजे. आजपासून रोज शंभर जोर. आज अकरा झाले. राहिलेले उद्याच्या शंभरात ॲड करणार.

नंतर गिरणीत काठी फिरवून बघितली. हात अजून चांगला चालतो. ट्यूबलाइट गेली. काचा हरणाबाईच्या ज्वारीत पडल्या. तिनं मापट्यानं माझ्या पाठीत दोन ठेवून दिल्या. गरीब जनता संतापलेली आहे. लक्षण चांगलं आहे.

ट्यूब राहीनं बदलली. गिरणी तीच चालवते. देखरेख माझी.

९ मार्च, रविवार. रात्री, साताऱ्याहून आल्यावर

पोरीसाठी, प्रियदर्शनीसाठी, स्थळ बघून आलो. फर्स्टक्लास. मुलगा ऋषिराज, चुलते काकासाहेब. घराणं सरदारकीचं, दारावर पाटी: श्रीमंत अमुकतमुक. काकासाहेबांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं, आपणही श्रीमंतच ना? मी म्हटलं, अर्थात. आमचे पणजोबा कुणाच्या तरी पागेत होते. घोड्यावर होते की घोड्यामागे, हे नीटसं माहीत नाही. पण पागेत होते.

काकासाहेब म्हणाले, आमच्यात श्रीमंतांची मुलगी श्रीमंतांतच जाते. जत्रेच्या आधी घर बघायला येतो. देण्याघेण्याचंही बोलणं झालं: थोडं सोनं, एक मोटारसायकल.

हा पैशातला श्रीमंत नव्हे, घराण्यातला. दोन्हींत फरक आहे. पैशातल्याला ठोकायचं, घराण्यातल्याला मुजरा करायचा. माझे विचार याबाबत क्लिअर आहेत.

येताना एसटीत कंडक्टरनं सुट्ट्यावरून वाद घातला. कॉलर धरली. त्यानं मला कऱ्हाडला उतरवलं. पुढं ट्रकनं आलो.

१३ मार्च

गुंडा पेंटरकडून फाटक रंगवून घेतलं. दोन फळ्यांचं लाकडी फाटक आहे. डाव्या फळीवर वर श्री, खाली अर्जुन. उजव्या फळीवर वर मंत, खाली राव. फाटक लावलं की श्रीमंत अर्जुनराव. लाल ऑइलपेंट, एकेक अक्षर कोंबड्याएवढं. गुंडा स्वतःच लांब जाऊन जाऊन बघत होता. म्हणाला, आण्णा, असलं अक्षर म्या उभ्या जल्मात काढलं न्हाई.

प्रियदर्शनी म्हणाली, आबा, गाव हसंल. मी म्हटलं, ज्याचे दात जास्त झालेत त्यानं हसावं. ती म्हणाली, मला त्या घरात जायचंच न्हाई. तिला बीएला घातली तेव्हापासून ती असं बोलते. पोरगी चिडली की नाकपुड्या फुगवते. कुणावर गेली कळत नाही.

१८ मार्च

हॉटेलात जोरदार चर्चा झाली. विषय: श्रीमंतांवर पट्टी वाढवावी का. मी बाजू मांडली. म्हटलं, काठीनं मारलं तर केस होते, करानं मारलं तर टाळ्या पडतात. टाळ्या पडल्या. कदमगुरुजी मात्र म्हणाले, पट्टी फार वाढवली की श्रीमंत आपली श्रीमंती लपवतात. आधी श्रीमंत कोण ते ठरवा, मग पट्टी ठरवा.

शिकलेल्या माणसाला असे फालतू प्रश्न पडतात. श्रीमंत कोण, हे शेंबडं पोरही सांगेल. मी टेबलावर मूठ आपटली. चहाची किटली उडून गुरुजींच्या धोतरावर गेली. ते नाचले. चर्चा तिथंच संपली. आपण जिंकलो.

२४ मार्च, धुळवड

आजचा प्लॅन ग्रँड होता. धुळवडीला सगळेच काळेनिळे. कोण कुणाला मारतो, कळत नाही. नानासोला बोळात गाठायचा आणि पट्टीची पहिली किस्त वसूल करायची.

बोळात एक जण पाठमोरा सापडला. तेवढाच रुंद, तसाच फेटा. मागून मिठी मारली, खाली पाडला, छातीवर बसलो. अडुसष्टचा हिशेब चुकता केला. चार बुक्क्या, दोन मुस्काटात. आयुष्यात एवढं समाधान मिळालं नव्हतं. मग त्यानं तोंडावरचा रंग पुसला. राहीचा भाऊ निघाला. बहिणीला नवा रेडिओ घेऊन आला होता. रेडिओ त्याच्या पाठीखाली होता.

अंधारी बोळं ही ग्रामपंचायतीची चूक आहे.

२५ मार्च

राहीनं पडवीत वेगळी चूल मांडली. तिची आणि प्रियदर्शनीची भाकरी तिकडं. म्हणाली, ज्या हातानं माझ्या भावाला मारलं त्या हाताला माझ्या चुलीची भाकरी न्हाई. मी म्हटलं, बघू कोण कुणाला शरण येतं.

तासगावला जाऊन स्टोव्ह आणला. माणसानं स्वयंपूर्ण असावं.

२७ मार्च

भातानं तळ धरला. पातेलं अंगणात फेकलं. कुत्र्याला लागलं. कुत्रं मला चावलं. इंजेक्शनं पोटात देतात म्हणे. गिरणीच्या मागं बसून थोडा वेळ रडलो, पण ते कांद्यामुळे.

६ एप्रिल, रविवार. दुपारी

ग्रामसभा झाली. काय लिहू! सविस्तर लिहितो.

देवळापुढं सगळं गाव. साताऱ्याचे काकासाहेब तासगावला कामाला आले होते. त्यांना मुद्दाम बोलावून पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. व्याह्यांनी आपलं वजन बघावं.

मी ठराव मांडला. श्रीमंताला पाचपट पट्टी, नाही दिली तर दाराची फळी. हात वर. एकमतानं पास. नानासोनंही हात वर केला! तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता.

मग सरपंच म्हणाले, आता श्रीमंत कोण कोण, ते उभे राहा.

कुणी उठेना. मी नानासोकडं बोट दाखवलं. नानासो हळूच उठला. म्हणाला, बाग माझ्या आईच्या नावावर हाय. ट्रॅक्टर दोन पोरांच्या. शेड मेव्हण्याचं. सुमो तर बायकूची, मी तिचा डायवर. ह्ये अंगावरचं धोतर तेवढं माझं. आणि डोळे पुसले. खरंच पाणी आलं होतं त्याच्या डोळ्यांत! लोकही हळहळले. पाठोपाठ एकेक बागायतदार उठला. कुणाची गारपिटीत गेलेली बाग, कुणाच्या पोटात अल्सर. अर्ध्या तासात गाव एवढं गरीब झालं, की दगडाबाई उठून म्हणाली, इचिभना, मग ह्या गावात मीच बरी म्हणायची.

कदमगुरुजी नुसते माझ्याकडं बघत होते. धोतर नवं होतं.

सरपंच म्हणाले, म्हणजे गावात श्रीमंत न्हाईच कुणी? तेवढ्यात मागून गुंडा पेंटर उठला. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मलाही मान्य आहे. छाती फुगवून म्हणाला, हाय की. एक हाय. म्या सोता लिवलंय. सोता माझ्या हातानं. लाल पेंटात.

सगळं गाव माझ्याकडं वळलं.

मी सांगायला लागलो, की हा श्रीमंत वेगळा आणि तो श्रीमंत वेगळा, हा घराण्यातला. सरपंच म्हणाले, अर्जुनराव, भाषण नको. तुमी श्रीमंत हाय का न्हाई? एका शब्दात.

पुढच्या खुर्चीत काकासाहेब. मिशीवरचा हात थांबलेला. नाही म्हटलं तर पोरीचं स्थळ जातं. हो म्हटलं तर पाचपट पट्टी.

मी छाती ठोकून म्हटलं, आहे.

टाळ्या. सगळ्यांत जोरात नानासोच्या. मी उडी मारून त्याची गचांडी धरली. पुढचं नीट आठवत नाही. खुर्च्या उडाल्या, माइक कुणाच्या तरी डोक्यात बसला, देवळाची घंटा आपोआप वाजली. माझा एक दात नानासोच्या खांद्यात राहिला. यावेळी माती कोरडी होती, पण खाली मीच होतो.

७ एप्रिल

शांतपणे विचार केला. गावानं मला एकमतानं श्रीमंत म्हणून मान्यता दिली. अशी मान्यता नानासोला मिळाली का? नाही. काकासाहेबही जाताना म्हणाले, वा! प्रश्न फक्त पट्टीचा आहे. ती द्यायचीच नाही. बघू कोण फळीला हात लावतो.

कुऱ्हाडीला धार लावली.

१५ एप्रिल

जत्रेचे पंच आले. सहा जण, पहार घेऊन. मी फाटकात कुऱ्हाड उगारून उभा राहिलो. म्हटलं, पहिला पुढं येईल त्याचं मुंडकं पायाशी पडेल. कुणी पुढं येईना. दहशत बसली. आणखी दहशत बसावी म्हणून कुऱ्हाड डोक्याभोवती गरगर फिरवली. पातं दांड्यातून निसटलं, गिरणीच्या पत्र्यावरून आत पडलं आणि पट्टा तोडला. आतून राहीचा आवाज आला. तो मी इथं लिहीत नाही.

हातात नुसता दांडा उरला. एकाचा हात मोडता मोडता राहिला. माझी दोन बोटं सुजली. त्यांनी उजवी फळी बिजागरीसकट उखडली आणि चौघांनी खांद्यावर घेतली. वाजतगाजत नेली, मंत राव. करकर असा आवाज झाला. मी कल्पना केली होती अगदी तसाच.

आता फाटकावर उरलंय, श्री अर्जुन. गावातले सगळे श्री असतात. पोस्टमनसुद्धा.

२० एप्रिल, रविवार. संध्याकाळ

आजचा दिवस लिहून ठेवतो.

काकासाहेब आणि मंडळी आली. फळीच्या जागी सतरंजी टांगली होती, पण ते आधी देवळात जाऊन आले होते. देवळाच्या भिंतीला माझी फळी टेकवलेली आहे. मला वाटलं, संपलं. पण काकासाहेब भलतेच खूश! म्हणाले, आम्ही चौकशी केली. लोक म्हणाले, ही गावातल्या एकमेव श्रीमंताची फळी. आमच्याकडं नुसती पाटी असते, तुम्हाला तर गावानं ठराव करून श्रीमंत केलंय. राही दाराआडून बघत होती. कितीतरी दिवसांनी तिनं माझ्याकडं सरळ बघितलं.

मग काकासाहेबांनी खिशातून चष्मा काढला. म्हणाले, पूर्वी बोलणं झालं ते साध्या माणसाशी झालं होतं. आता श्रीमंताच्या हिशेबानं बोलू. सोनं दुप्पट. मोटारसायकलच्या जागी मोटार. लग्न साताऱ्यात, दोन्हीकडचा खर्च तुमच्याकडं. शेवटी, ज्याच्याकडं जास्त त्यानं जास्त द्यायचं. तुमचंच भाषण आहे.

माझंच होतं.

खरं लिहितो. मी नाही म्हणालो नाही. मी मनात गिरणी कितीला जाईल ते बघत होतो. मान हलायला लागली होती.

प्रियदर्शनी चहा घेऊन आली. काकासाहेबांनी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा खोका तिच्यापुढं सरकवला आणि मला म्हणाले, मुलगी जरा सावळीच आहे, तरी आकडा तसा कमीच सांगितलाय. तिनं ट्रे खाली ठेवला. नाकपुड्या फुगल्या. म्हणाली, काका, माझा आबा श्रीमंत न्हाई. त्यो येडा हाय. पर त्याला लुटायचं असंल तर आदी माझ्याशी गाठ हाय. आणि खोका उचलून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर हाणला. लाल भडक! ऋषिराज ओरडला, खून झाला. काकासाहेब उठले तर तिनं पाण्याचा तांब्या फेकला. तांब्या बरोबर कपाळावर बसला. टेंगूळ. उजव्या बाजूला. लिंबाएवढं.

गाडीत बसेपर्यंत ती मागं पळत होती, हातात माझ्या कुऱ्हाडीचा दांडा.

एवढ्या वर्षांत माझा एक घाव नेमका बसला नाही. पोरीचे दोन्ही बसले. मला आनंद झाला. मग लाजही वाटली. ती मला येडा म्हणाली, याचं वाईट वाटलं नाही. मान हलत होती ते तिनं पाहिलं, याचं वाटलं.

२१ एप्रिल

देवळात गेलो. पंच बसले होते, नानासोही होता, खांद्याला पट्टी. एकानं घाबरून पहार जवळ ओढली. मी म्हटलं, मी श्रीमंत नाही. घराण्यातला नाही आणि पैशातलाही नाही. माझी पाचपट पट्टी काढून टाका.

नानासो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मारायला तरी जागा राहिली असती.

सरपंच म्हणाले, बरं झालं बोललास, अर्जुना. तुला आपली जुनी पट्टी लागंल, सगळ्यांसारखी. चुलीमागं एक. मग वर बघून म्हणाले, तुमच्यात चुली किती रं?

मी घंटेकडं बघितलं.

गुंडा म्हणाला, दोन हायती. म्या बघितल्यात. आण्णांचा स्टो आन् वैनींची पडवीत.

म्हणजे नानासोची पट्टी एक. माझ्या दोन. अख्ख्या गावात नानासोच्या दुप्पट पट्टी भरणारा मी एकटा. हात उगारला. सगळे माझ्या हाताकडं बघत राहिले. शेवटी त्या हातानं डोकं खाजवलं आणि घरी आलो.

२२ एप्रिल, मंगळवार. जत्रा

सकाळी राहीला विचारलं, चूल एक करूया का. ती पीठ मळत होती. म्हणाली, भावाच्या पायाशी जावा, माफी मागा, नवा रेडू घेऊन द्या. आन् त्यो स्टो फोडा, आत्ता, माझ्या देखत.

स्टोव्ह अंगणात ठेवला. मुसळ घेतलं. काय झालं कळलं नाही, हात वर जाईना. शेवटी राहीनंच माझ्या हातातलं मुसळ घेतलं. एका घावात दोन तुकडे.

पट्ट्या दोनच लागल्या. यंदाची मोजणी कालच झाली, असं पंच म्हणाले. फळी परत नेतो का, असंही विचारलं. म्हटलं, राहू द्या. मैदानात कुस्त्या चालू आहेत, हलगी इथपर्यंत ऐकू येते. गेलो नाही.

उद्यापासून शंभर जोर.

दुपारी पडवीत जेवायला बसलो. राहीनं वाढलं. बऱ्याच दिवसांनी गरम भाकरी. ताटात एकच होती. दुसरी मागायचा धीर झाला नाही.